नाताळच्या प्रवचनात वधस्तंभ कुठून आला?

सहजविचारलं

मी ख्रिस्ती नाही. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या आग्रहाखातर यंदा नाताळच्या रात्री चर्चमधल्या उपासनेला गेलो होतो. गाणी, मेणबत्त्या, गव्हाणीचा देखावा, सगळं अपेक्षेप्रमाणे. मग पाळक बोलायला उभे राहिले आणि बघता बघता बाळ बाजूलाच राहिलं. पाप, तारण, वधस्तंभ, रक्त, पुनरागमन. "हे बाळ मरण्यासाठी जन्माला आलं" असं एक वाक्य होतं, तेही चक्क आनंदाने म्हटलेलं. माझ्या शेजारी तान्हं मूल मांडीवर घेऊन एक बाई बसल्या होत्या, त्याही मान डोलावत होत्या.

मला ते खटकलं. बारशाला जाऊन कुणी तेराव्याचा विषय काढत नाही. मैत्रिणीला विचारलं, तर म्हणाली, "अरे, त्याशिवाय नाताळला अर्थच काय?" तिला ते इतकं उघड वाटत होतं की पुढे विचारायचा संकोच झाला.

आणखी एक. सगळे "आज ख्रिस्त जन्मला" असं बोलत होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या घटनेला "आज" कसं म्हणायचं?

कृपया प्रेम, शांती, बंधुभाव एवढंच उत्तर देऊ नका. ते शुभेच्छापत्रावर वाचलंय. ख्रिस्ती लोक आपापसात नाताळचा अर्थ काय लावतात, ते हवंय.

तर्कटराव

अर्थ नंतर बघू, आधी तारीख बघा. २५ डिसेंबर शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्राच्या पुस्तकांत, कुठेही नाही. ऑरेलियन बादशहाने २७४ साली रोममध्ये सूर्यदेवाचं मोठं देऊळ उभारलं. ख्रिस्तजन्माची २५ डिसेंबर ही नोंद सापडते ती ३५४ सालच्या एका रोमन पंचांगात, आणि त्यातला तो भाग ३३६ च्या सुमाराचा मानतात. सूर्य आधी, ख्रिस्त नंतर, म्हणजे सूर्याचाच सण ख्रिस्ताच्या नावावर चढवला. दोन अधिक दोन करा.

रविवारची बाई

तर्कटराव, दरवर्षी डिसेंबरात तुमचं हे दोन अधिक दोन येतंच. दुसरा हिशेबही तितकाच जुना आहे, तो तुम्ही कधी सांगत नाही. येशूची गर्भधारणा आणि त्याचं मरण एकाच तारखेला, २५ मार्चला झालं, अशी काही प्राचीन ख्रिस्ती लोकांची समजूत होती. तिथून नऊ महिने मोजा. म्हणजे या हिशेबाप्रमाणे जन्माची तारीखच मुळी मरणाच्या तारखेवरून निघते. कुठला हिशेब खरा यावर अभ्यासक भांडताहेत, भांडोत बापडे. आर्मेनियन चर्च जन्मोत्सव ६ जानेवारीला करतं. रशियन ऑर्थोडॉक्स ७ जानेवारीला करतात, कारण त्यांचं जुनं ज्युलियन पंचांग १३ दिवस मागे चालतं. तारखेवाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

आता मूळ प्रश्न. मी चर्चमध्ये रविवारच्या वर्गात मुलांना शिकवते आणि नाताळचं नाटकही बसवते. देवदूत व्हायला सगळे तयार असतात, बाळाच्या जिवावर उठलेला राजा हेरोद व्हायला कुणी नसतं. मोठ्यांचंही तसंच आहे. त्यांनाही गोष्टीतला गोड भाग तेवढा हवा असतो. पण पुस्तक उघडलं की ती गोष्ट मुळात तशी गोड नाहीच.

येशूचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं चार. त्यांतल्या दोघांत जन्माची गोष्टच नाही. मार्क सुरुवात करतो ती मोठ्या येशूच्या बाप्तिस्म्यापासून. योहान तर सृष्टीच्याही आधी जातो: देवाचा शब्द आरंभापासून होता आणि तो देही झाला. ना आई मरीया, ना मेंढपाळ. सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल, त्याची पत्रं या चारही पुस्तकांच्या आधीची. त्यात जन्माबद्दल "स्त्रीपासून जन्मलेला" यापलीकडे फारसं काही नाही, जन्मगाव बेथलेहेमचं नावसुद्धा नाही. वधस्तंभ मात्र वारंवार. म्हणजे पहिल्या ख्रिस्ती लोकांनी आधी जन्म साजरा केला आणि पुढे मरणाची गोष्ट जोडली, असं घडलेलं नाही. मेलेला येशू पुन्हा उठला, या विश्वासापासून ते निघाले आणि मागे वळून विचारू लागले, की मग हा होता तरी कोण? बाकीचे दोघे, मत्तय आणि लूक, जन्माची गोष्ट लिहायला बसले तेव्हा शेवट त्यांना ठाऊक होता. त्यांच्या प्रत्येक ओळीत तो डोकावतो.

मत्तयाचा दुसरा अध्याय काढून बघा. पूर्वेकडचे मागी, म्हणजे ज्योतिष जाणणारे विद्वान, येतात (तीन होते असं कुठेच लिहिलेलं नाही, भेटी तीन आहेत) आणि विचारतात, यहूद्यांचा राजा जन्मला तो कुठे आहे? "यहूद्यांचा राजा" ही पदवी त्यानंतर मत्तयाच्या पुस्तकात पानंच्या पानं गायब होते. येशू शिकवतो, रोगी बरे करतो, कुणीही त्याला असं म्हणत नाही. ती परत येते थेट सत्ताविसाव्या अध्यायात. आधी रोमन सुभेदार पिलाताच्या तोंडी, मग थट्टा करणाऱ्या शिपायांच्या तोंडी, आणि शेवटी वधस्तंभावर डोक्याच्या वर लावलेल्या दोषपत्रावर. ही पदवी त्याला पहिल्यांदा परक्यांनी दिली आणि शेवटीही परक्यांनीच. मत्तयाने हे सहज केलं असेल असं मला तरी वाटत नाही.

भेटी कोणत्या? सोनं, ऊद आणि गंधरस. गंधरस प्रेताला लावत. योहानाच्या पुस्तकात येशूला पुरताना निकदेम नावाचा माणूस तोच घेऊन येतो. दुसऱ्या शतकातला बिशप आयरेनियस याची फोड करून गेलाय: सोनं राजासाठी, ऊद देवासाठी, आणि गंधरस जो मरणार आणि पुरला जाणार त्याच्यासाठी. तेव्हा तुमच्या पाळकांनी नवीन काही सांगितलं नाही.

लूकाकडे या. बाळ बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. त्याच पुस्तकाच्या शेवटी शरीर तागाच्या वस्त्रात गुंडाळून कबरेत ठेवतात. चाळीस दिवसांच्या बाळाला मंदिरात नेतात, तेव्हा म्हातारा शिमोन त्याला हातात घेऊन देवाची स्तुती करतो आणि वळून आईला सांगतो, तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. ओल्या बाळंतिणीला कुणी असं बोलतं का? लूक बोलतो.

म्हणून ख्रिस्ती माणसाच्या लेखी नाताळ हा थोर पुरुषाच्या जयंतीसारखा दिवस नाही. माणूस मोठा झाला म्हणून त्याचा जन्म साजरा करणं वेगळं. इथे सगळा भर जन्मलं ते कोण, यावर आहे. ज्याने सगळं निर्माण केलं तोच इथे दुसऱ्याच्या हातून पाजून घेतोय, आणि पुढे दुसऱ्यांच्याच हातून मारलाही जातोय. गव्हाणी आणि वधस्तंभ या आमच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. स्वतःला रिकामं करून देव खाली येत राहिला, ती एकच उतरण आहे. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ती सबंध उतरण सापडेल.

तरीही "मरण्यासाठी जन्मला" हे वाक्य मी वर्गात वापरत नाही. खोटं आहे म्हणून नव्हे. त्यात मधली सगळी वर्षं गळून पडतात म्हणून. त्याने गोष्टी सांगितल्या, कुष्ठरोग्यांना हात लावला, जकातदारांच्या पंगतीला बसला. ते सगळं केवळ वधस्तंभाच्या शुक्रवारची वाट बघत घालवलेला वेळ होता का? प्रवचनांत हे फार होतं. नाइसियाच्या मतांगिकारातही, म्हणजे उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीतही, होतं म्हणा, मरीयेपासून निघून पुढच्याच ओळीत पिलात. पण ३२५ साली नाइसियात आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये तो रचणाऱ्या धर्मसभांपुढे वेगळी भांडणं होती.

आणि "आज" बद्दल. लूकात देवदूतच मेंढपाळांना म्हणतो, आज तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे. उपासनेत तोच "आज" जसाच्या तसा उचलतात. येशू दरवर्षी नव्याने जन्मतो असं कुणी मानत नाही. बाराव्या शतकातल्या क्लेरव्होच्या बर्नार्डने ख्रिस्ताची तीन आगमनं सांगितली: एकदा देहात, एकदा शेवटी वैभवात, आणि मधलं, माणसाच्या अंतःकरणात. तो "आज" या मधल्या आगमनाचा. तुम्ही ऐकलेलं "पुनरागमन" शेवटचं. नाताळच्या आधी चार रविवारांचा आगमनकाळ असतो. त्याच्या पहिल्या रविवारी कॅथलिक चर्चमध्ये वाचतात तो उतारा बाळाचा नसतोच, जगाच्या शेवटाचा असतो. नवख्या माणसाला वाटतं, फादरांनी चुकीचं पान उघडलं.

पूर्वाभिमुख

बाईंचं बहुतेक पटलं. पण हे ऐकून प्रश्नकर्त्यांचा असा समज व्हायला नको की पाप झालं, दंड भरायला कुणीतरी हवं होतं, म्हणून नाताळ, एवढाच ख्रिस्ती अर्थ आहे. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये, त्यातही प्रोटेस्टंट प्रवचनांत, हा सूर मोठा लागतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत भर निराळा आहे. चौथ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा अथनेशियस म्हणतो, तो माणूस झाला ते आपण देव व्हावं म्हणून. म्हणजे स्वभावाने देव होणं नव्हे, देवाच्या जीवनात सहभागी होणं. त्याच शतकातला नाझियान्झसचा ग्रेगरी म्हणतो, जे त्याने धारण केलं नाही ते बरं झालं नाही. म्हणून माणसाचं सगळंच धारण करायला हवं: मन, भीती, भूक, सगळं. इथे देव न्यायाधीशापेक्षा वैद्य जास्त आहे.

पाश्चात्त्यांतही यावर जुनं भांडण आहे. माणसाने पाप केलंच नसतं तर देव देहधारी झाला असता का? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस म्हणाला, शास्त्र देहधारणाचं कारण पापच सांगतं, तेव्हा बहुधा नसता झाला. पुढे फ्रान्सिस्कन पंथाचा डन्स स्कॉटस म्हणाला, झालाच असता. देवाचं सर्वांत मोठं काम माणसाच्या चुकीवर अवलंबून कसं असेल? मी स्कॉटसच्या बाजूचा. १२२३ साली ग्रेच्चो गावात खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून गव्हाणी मांडणारा असिसीचा फ्रान्सिस याच पंथाचा संस्थापक, हे मला उगीच झालेलं वाटत नाही.

रविवारची बाई

स्कॉटसवर तुमच्याशी भांडणार नाही. पण पूर्वेकडे वधस्तंभ मागे पडतो असं म्हणाल तर त्यांचंच जन्माचं चित्र बघा. काळोखी गुहा, दगडी पेटीसारखी गव्हाणी, आणि बाळ असं घट्ट गुंडाळलेलं की प्रेतच वाटावं. ती पेटी थडग्यासारखी मुद्दाम काढतात. बैल आणि गाढव आहेतच, आणि ते शुभवर्तमानांत नाहीत, जुन्या करारातल्या (बायबलच्या पहिल्या भागातल्या) यशयाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून आलेत. आमच्या नाटकात गाढवाला सर्वांत जास्त टाळ्या पडतात, म्हणून मी कधी बोलत नाही.

शंकासुर

सगळं ठीक. पण पृथ्वीवर शांती म्हणून देवदूत गातात आणि दुसरीकडे हेरोद बेथलेहेमची पोरं कापतो. ज्याचा जन्म झाला तो वाचला, बाकीची मेली. यावर तुमच्या वर्गात काय सांगता?

रविवारची बाई

सारवासारव करत नाही. त्या मुलांचा दिवस पाश्चात्त्य चर्चमध्ये २८ डिसेंबरला पाळतात. २६ ला स्तेफन, दगडमार होऊन मेलेला पहिला हुतात्मा. म्हणजे नाताळनंतरच्या तीन दिवसांत दोन हत्याकांडं पंचांगात बसवलेली आहेत. हे ज्यांनी बसवलं त्यांना जग कसं आहे ते माहीत होतं. मत्तयही त्या मुलांच्या मरणाला कसलाही सांत्वनाचा मुलामा देत नाही. जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याचं एक वचन उतरवतो: इस्राएलची आदिमाता राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि ती सांत्वन पावायला तयार नाही. तिथेच थांबतो. तो वाचलेला एक मुलगाही पुढे राज्यकर्त्यांच्याच हुकमाने मेला, पळून गेला नाही, इतकंच मी मुलांना सांगते. "देवाने सगळ्यांना का नाही वाचवलं?" हे मुलं विचारतातच. उत्तर माझ्याकडे नाही आणि असल्याचा आवही आणत नाही.

तर्कटराव

तारखेवरून मला झोडपलंत, आता इतिहासातला एक कामाचा तुकडा देतो. प्रीएने या आशिया मायनरमधल्या शहरात एक शिलालेख सापडलाय, इ.स.पू. ९ चा. त्यात रोमन बादशहा औगुस्त कैसराला देव म्हटलंय आणि त्याचा जन्मदिवस ही जगासाठी सुवार्तेची सुरुवात, असं लिहिलंय. वर्षाची सुरुवातही त्याच्या जन्मदिवसापासून धरायचं ठरवलं होतं. कैसर म्हणजे तारणारा, कैसराने शांती आणली, ही तेव्हाची सरकारी भाषा. आता लूकाचा दुसरा अध्याय वाचा. सुरुवात औगुस्त कैसराच्या शिरगणतीच्या हुकमाने होते, आणि सुवार्ता, तारणारा, शांती हे सगळं जातं एका गव्हाणीतल्या पोराकडे. ऐकणाऱ्याला टोमणा बरोबर कळला असणार. माझा देवावर विश्वास नाही, पण लेखक म्हणून लूकाला मी मानतो.

सहजविचारलं

वा, बरंच काही मिळालं. एक राहिलं. देव माणूस होऊन येतो हे आम्हाला नवीन नाही. मैत्रिणीला म्हटलं, "म्हणजे अवतारच ना?" तर ती नुसतीच हसली. यात वेगळं काय आहे? वाद घालायचा नाही, समजून घ्यायचंय.

रविवारची बाई

हसली कारण "हो" म्हटलं तरी पंचाईत आणि "नाही" म्हटलं तरी. श्रेष्ठ कोण यात मी पडत नाही. ख्रिस्ती शिकवण काय आहे तेवढं सांगते.

पहिलं म्हणजे हे एकदाच. युगायुगात पुन्हा नाही. इतिहासातली एक जागा आणि एक काळ, कैसराच्या आणि सुभेदाराच्या नावासकट. म्हणूनच लूक त्या नावांवर इतका अडतो.

दुसरं जास्त महत्त्वाचं. हे माणूसपण देवाने घेतलेलं सोंग नाही. सुरुवातीच्या काळात काही जण म्हणत होते, देव कसा जन्मेल, कसा मरेल? येशूचा देह नुसता भासत होता. दिसायला ते देवाचा मान राखणारं बोलणं होतं, पण चर्चने ते साफ नाकारलं. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या पत्रात "खरोखर" या एका शब्दावर हटून बसतो: खरोखर जन्मला, खरोखर खाल्लं-प्यायला, खरोखर वधस्तंभावर मेला. स्वतःला शिक्षेसाठी रोमला नेत असताना तो हे लिहीत होता. मरण जर भासाचं असतं, तर मी कशासाठी मरतोय, असा त्याचा रोखठोक सवाल. पुढे ४५१ साली खाल्किदोनच्या धर्मसभेने तेच सूत्र करून ठेवलं: पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, दोन स्वभाव, एक व्यक्ती, मिसळ नाही आणि फारकतही नाही.

वर्गात मी हे असं सांगत नाही अर्थात. एका मुलीने विचारलं होतं, "बाळ येशू रडायचा का?" काही गाण्यांत ते बाळ मुळीच रडत नाही. मी म्हटलं, रडायचा, रात्री उठवायचाही. मग मागून आवाज आला, "आणि लंगोट ओला करायचा?" सगळे फिदीफिदी हसले. मी म्हटलं, करायचा, मरीया धुवायची. वर्ग एकदम गप्प. माझ्या मते खाल्किदोन त्यांना त्या दिवशी कळलं. न रडणारं बाळ हा त्याच भासवादाचा गोंडस अवतार आहे, आणि आमचीच माणसं तो दर डिसेंबरला गात असतात.

तिसरं. काम संपल्यावर त्याने देह टाकून दिला नाही. पुनरुत्थानानंतर तो शिष्यांना हातापायाच्या जखमा दाखवतो आणि त्याच देहानिशी स्वर्गात जातो, अशी शिकवण आहे. म्हणजे देवाने माणूसपण घेतलं ते कायमचं. कॅथलिक मिस्सेत, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, मतांगिकार म्हणताना "मनुष्य झाला" या ओळीला एरवी मान लववतात. नाताळला मात्र सगळं देऊळ गुडघे टेकतं. पुन्हा गेलात तर तेवढं पाहा.

सहजविचारलं

मैत्रिणीला हा धागा दाखवला. ती म्हणते, बाई कॅथलिक की प्रोटेस्टंट ते कळत नाही. मीच वाचून बघायचं ठरवलंय. सुरुवात कुठून करू? "नाताळची गोष्ट" म्हणून मिळतं ते सगळं सरमिसळ केलेलं दिसतंय.

रविवारची बाई

कळत नाही ना, राहू दे तसंच.

आधी लूकाचे पहिले दोन अध्याय, सलग. मरीयेचं गीत घाईत वाचू नका. अधिपतींना आसनांवरून खाली ओढणाऱ्या आणि धनवानांना रिकाम्या हाताने पाठवणाऱ्या देवाचं ते गाणं आहे. ती मवाळ निळ्या पदरातली मरीया मग तुम्हाला पुन्हा तशी दिसणार नाही. त्यानंतर मत्तयाचे पहिले दोन. सुरुवातीची नावांची यादी सगळे गाळतात, तुम्ही गाळू नका. त्यात तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको अशा चौघी भेटतील. प्रत्येकीची हकिकत जुन्या करारात शोधा आणि मग विचार करा की राजाच्या वंशावळीत कुणी ही नावं आपणहून लिहील का. शेवटी योहानाच्या पहिल्या अध्यायातल्या अठरा ओव्या. नाताळच्या दिवसाच्या मिस्सेला त्याच वाचतात.

मत्तयाची यादी वाचून लगेच लूकाच्या तिसऱ्या अध्यायातली पडताळायला जाऊ नका. मत्तयात योसेफाचा बाप याकोब आहे, लूकात एली. त्यासाठी वेगळा धागा काढा, तर्कटराव टपूनच बसलेत.